प्रशिक्षणानंतरची पहिली भिंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे गेली. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांना सर्वांत मोठा फटका बसला. हे प्रकरण शेवटी ज्या मुरुमला पोचते, ते उमरगा तालुक्यातले गाव. 

भूकंप ६.२ ते ६.४ च्या दरम्यान नोंदला गेला. एवढ्या ताकदीच्या धक्क्याने इतकी माणसे मरावीत, याचे कारण जमिनीत कमी आणि भिंतीत जास्त होते. या भागातले जुने घर म्हणजे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड भिंती आणि वर माळवद. माळवदात लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते आणि चोराला त्या भिंतीला भोक पाडता येत नाही. पण भिंत दिसते तशी एकसंध नसते. आतल्या अंगाला दगडांची एक फळी, बाहेरच्या अंगाला दुसरी आणि मधल्या पोकळीत चुरा, खडी, माती. दोन्ही फळ्यांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मधूनमधून घातलेला नसेल, तर धक्क्यासरशी भिंत दोन्ही अंगांनी फुगते आणि सुटते. मग वरचे माळवद, टनावारी मातीसकट, झोपलेल्या माणसांवर येते.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. वर्तमानपत्रांत आणि भाषणांत ही ५२ गावेच गाजली. पण या प्रकरणाचा विषय आहे तो कार्यक्रमाचा दुसरा, कमी गाजलेला भाग. जी घरे पडली नव्हती, नुसती भेगाळली होती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. अशी घरे दोन लाखांच्या घरात होती आणि शेकडो गावांत विखुरलेली होती. तिथे ठेकेदार येणार नव्हता. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार होते, काम गावातला गवंडी करणार होता आणि कनिष्ठ अभियंता येऊन तपासणार होता. म्हणजे काही हजार गवंड्यांना नवी गोष्ट शिकवायची आणि ती त्यांनी आपापल्या गावात, कोणी शिकवणारा शेजारी नसताना, जुन्या भिंतीवर करून दाखवायची.

प्रशिक्षणातून कामावर काय पोचते, हे तपासायला याहून कठीण परीक्षा मला महाराष्ट्रात दुसरी माहीत नाही.

शिकवायचे काय होते ते नीट पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. रुरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मांडलेल्या पद्धतीत मुख्य कामे तीन-चारच. माळवदावरची माती उतरवून भार कमी करायचा. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराभोवती लोखंडी जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा, कोपऱ्यात तो तुटू द्यायचा नाही. लाकडी खांब आणि तुळई यांना तिरके टेकू देऊन सांधा घट्ट करायचा. आणि भिंतीच्या दोन फळ्या एकमेकींना बांधायच्या.

हे शेवटचे काम ऐकायला सोपे आहे. साधारण मीटर-सव्वा मीटर अंतराने भिंतीत आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचे आणि किमान दहा दिवस पाणी मारत राहायचे. पण ते भोक पाडायचे कसे? घण घातला तर ज्या भिंतीला वाचवायचे तीच हादरते. दगडाभोवतीची माती खरवडून, छोट्या पहारीने दगड हळूहळू हलवत सोडवायचा, मग आतला चुरा हाताने काढत पलीकडच्या दगडापर्यंत जायचे. किती हलवले की बस, वरचा दगड खाली बसू लागला हे कसे ओळखायचे, हे कागदावर लिहिता येत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले ते हेच: माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते. त्यातून गवंड्याच्या हाताला तीस वर्षांची उलट सवय. त्याने आयुष्यभर दगड बसवले, काढले क्वचितच.

आता हा गवंडी शिबिरात शिकून गावी परततो, तेव्हा काय होते याचा विचार करा. शिबिरात त्याने भोक पाडले ते नमुन्याच्या भिंतीत. गावातल्या भिंतीत दगड वेगळ्या घडणीचा. घरमालकाला घाई, कारण पाऊस तोंडावर. मजुरी कामावर ठरलेली, म्हणजे दहा दिवस पाणी मारण्याचे त्याला काहीच मिळणार नाही. सोबतचा मजूर शिबिराला आलेलाच नाही. आणि बाहेरून गिलावा झाल्यावर आत सळई आहे की नाही हे कोणालाच दिसणार नाही. या पाच गोष्टींपैकी एकही गवंड्याच्या डोक्यात नाही. पाचही त्याच्या भोवताली आहेत.

अमेरिकेतल्या टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रशिक्षण कामावर का उतरत नाही यावरचे तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवले: शिकणारा कसा आहे, शिकवण्याची आखणी कशी आहे आणि तो परततो ते कामाचे ठिकाण कसे आहे. पुढे या विषयावर पुष्कळ लिहिले गेले, तरी ही तीन खाती अजून टिकून आहेत. आपल्याकडे होते असे की पहिल्या दोन खात्यांवर सगळा पैसा जातो. चांगली माणसे निवडा, चांगला व्याख्याता आणा, हॉल चांगला घ्या, जेवण चांगले ठेवा. तिसऱ्या खात्यात शून्य.

इथे एका आकड्याबद्दल बोलणे भाग आहे, कारण प्रशिक्षणाच्या व्यवसायात तो सर्रास फेकला जातो. प्रशिक्षणातले फक्त दहा टक्के कामावर उतरते, असे सांगतात. या दहा टक्क्यांमागे कोणतीही मोजणी नाही. डेव्हिड जॉर्जनसन नावाच्या लेखकाने १९८२ मध्ये एका लेखात चर्चेसाठी तसा प्रश्न टाकला होता. पुढच्यांनी प्रश्न गाळला आणि आकडा उचलला. त्यामुळे हे प्रकरण त्या आकड्यावर उभे नाही. किती उतरते हे कामागणिक बदलते, आणि त्यातले बरेचसे ठरते ते परतल्यावरच्या पहिल्या काही कामांत. पहिली भिंत जुन्या पद्धतीने बांधली गेली की दुसरीही तशीच होते.

म्हणून मजबुतीकरणाच्या कार्यक्रमातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट तांत्रिक नव्हती. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला शासनाने लोकसहभागाचे काम दिले. प्रेमा गोपालन त्या संस्थेच्या प्रमुख. २०२२ मध्ये त्या गेल्या. संस्थेने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत त्याच गावातल्या बायका निवडल्या. त्यांना नाव दिले ‘संवाद सहायक’. त्यांतल्या कित्येक जणी महिला मंडळाच्या, कमी शिकलेल्या, त्याआधी ग्रामसभेत कधी न बोललेल्या. त्यांनी योजनेची माहिती घरोघरी पोचवायची, अभियंता आणि घरमालक यांच्यात बोलणे चालू ठेवायचे आणि भूकंपाला टिकणारे बांधकाम कसे असते हे स्वतः शिकून चालू कामावर लक्ष ठेवायचे.

यात घडले काय ते पाहा. थापी हातात धरायची होती गवंड्याने, पण भिंतीत सळई आहे का हे विचारायला शिकल्या त्या घरात झोपणाऱ्या बायका. अभियंता आठ-पंधरा दिवसांतून एकदा येणार. ही बाई रोज त्या भिंतीजवळ असते, कारण चूल तिथेच आहे. पट्टा कोपऱ्यात वळवला की तिथेच तोडला, काँक्रीटवर पाणी पडते आहे की नाही, हे तिला मुद्दाम पाहायला जावे लागत नाही. पाणी तर तीच आणणार. गवंड्याभोवतीच्या ज्या पाच गोष्टी वर सांगितल्या, त्यांतल्या दोन-तीन तरी तिच्या असण्याने हलतात. घरमालकाची घाई ती थोपवू शकते, कारण घर तिचेही आहे. दिसेनासे होणारे काम ती गिलाव्याआधी पाहून ठेवते.

ज्ञान व्यवस्थापन म्हटले की आपल्याला संगणक, पोर्टल, फाइलींचे कपाट आठवते. या गावांत त्यातले काही नव्हते. पण त्या शास्त्राचा गाभा होता: कोणाला काय ठाऊक आहे हे गावाला माहीत होते, ते कामाच्या जागी उपलब्ध होते आणि एका गावात कळलेली गोष्ट दुसऱ्या गावात पोचत होती. संवाद सहायक बायकांच्या बैठका होत, गावांच्या एकमेकांकडे भेटी होत. एका गावात अडलेली अडचण दुसऱ्या गावातल्या बाईने सोडवलेली असे. शिकवणारी संस्था आणि शिकणारा गवंडी यांच्यामध्ये एक तिसरे माणूस उभे राहिले, जे शिबिर संपल्यावरही गावातच होते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही, आणि ते लपवून या उदाहरणाचा उपयोग होणार नाही. पुष्कळ घरमालकांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी त्या पैशात वीट-सिमेंटची एक नवी खोली बांधून घेतली. दगडाच्या भिंतीने आपली माणसे मारली, तिच्याखाली पुन्हा झोपायचे नाही, ही भीती कोणत्या शिबिराने जाणार? शिकलेले आरपार सांधे मग अनेक गावांत वापरलेच गेले नाहीत. प्रशिक्षणाच्या भाषेत हे अपयश मोजले जाईल. मला ते तसे वाटत नाही. गवंड्याला काय शिकवायचे हे ठरवताना, घरात राहणाऱ्यांना कशाखाली झोपायचे आहे हे आधी विचारले गेले नव्हते, एवढेच त्यातून दिसते. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची मागणीही ज्ञानच आहे, आणि तीही आधी गोळा करावी लागते.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा या भागातल्या बायका आणि गवंडी तिकडे गेले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेले. भाषा वेगळी, घर वेगळे, संकट वेगळे. तमिळनाडूत तर भूकंपाच्या भिंतीचा संबंधच नव्हता. मग त्यांनी नेले काय? पंचनाम्यात आपले नाव आहे का हे कसे पाहायचे, हप्ता अडला तर कोणाकडे जायचे, तात्पुरत्या निवाऱ्यात असतानाच बायकांचे गट का बांधायचे, घराच्या आराखड्यावर सही करण्याआधी काय विचारायचे. गवंडीकामातले तंत्र कच्छपर्यंत उपयोगी पडले, त्यापुढे पडले नाही. विचारण्याचे तंत्र सगळीकडे उपयोगी पडले. शिकवण्याच्या आखणीत आपण बहुधा याच्या उलट वजन देतो.

कामाचे ज्ञान माणसाकडून माणसाकडे कामाच्या जागीच पोचते, हे अगदी वेगळ्या जगातही सापडले आहे. ज्यूलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले. कंपनीची जाडजूड माहितीपुस्तके त्यांच्याजवळ होती, पण अवघड बिघाड ते सोडवत होते नाश्त्याच्या टेबलावर एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींतून. अमुक यंत्र असे वागले, मी हे करून पाहिले, ते फसले, मग हे केले. पुढे कंपनीने या हकिकती साठवणारी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभारली. तिच्यातले दोन नियम मला महत्त्वाचे वाटतात. युक्ती पाठवली की दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि मगच सर्वांना द्यायची. आणि युक्तीखाली ती सुचवणाऱ्याचे नाव राहायचे. नाव राहिले म्हणून माणसे लिहीत गेली.

मुरुममध्ये हे सगळे कुठे लागू पडेल, असा प्रश्न कोणी केला तर मी साखर कारखान्याकडे बोट दाखवीन. मुरुमला विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्या एका कारखान्याविषयी नाही, राज्यातल्या कोणत्याही कारखान्यात असणाऱ्या कामाविषयी आहे.

कारखान्यातली एक जागा म्हणजे पॅन. आटवलेला रस तिथे पोकळीखाली, म्हणजे कमी दाबावर, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास उकळत ठेवतात आणि त्यात साखरेचा दाणा वाढवतात. ते पाहणारा माणूस पॅनमन. तो मधूनमधून आतला नमुना काढतो, काचेवर पसरतो, उजेडासमोर धरतो, बोटात चोळतो. रस फार घट्ट झाला तर वाढत्या दाण्यांच्या मध्ये नवे बारीक, नको असलेले दाणे धरतात. पुढे सेंट्रिफ्यूगलमध्ये साखर आणि मळी वेगळी करताना हे बारीक दाणे जाळी अडवतात, नाहीतर मळीबरोबर वाहून जातात. गेलेली साखर म्हणजे शेतकऱ्याच्या उसातला गेलेला उतारा. नवे दाणे धरू लागले हे पहिल्या क्षणी ओळखून किती पाणी द्यायचे, वाफ किती कमी करायची, हे पॅनमनच्या बोटांना कळते. आता उपकरणे आली आहेत, काही ठिकाणी पॅन आपोआपही चालतो. तरी काच उजेडात धरणे थांबलेले नाही.

या माणसाचे प्रशिक्षण होते कधी? कारखान्याचे वर्ष दोन भागांत मोडते. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला गळीत सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. मग ऑफ सीझन. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये ऊस उत्पादक आणि कारखान्यांनी मिळून ती उभी केली. अशा ठिकाणी कामगाराला धाडायचे तर सवड ऑफ सीझनमध्येच मिळते. जूनमध्ये शिकायचे आणि नोव्हेंबरमध्ये हात लावायचा, मध्ये पाच महिने. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की उजळणी न केलेले पाठांतर पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरते. हातांचे कौशल्य पाठांतरापेक्षा जास्त टिकते, हे खरे. पण जे अजून हातात उतरलेलेच नाही, जे फक्त ऐकले आणि लिहून घेतले, त्याची गत एबिंगहाउसच्या पाठांतरासारखीच होते.

हंगामी कामगार तर या काळात कारखान्यावर नसतोच. त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो आणि तो घरी शेतीत असतो. भत्ता माणसाला धरून ठेवतो, पण माणसाने गेल्या हंगामात काय ओळखले ते धरून ठेवण्याची सोय वेगळी लागते.

पॅनवर रजिस्टर असते. पॅन कधी भरला, कधी सोडला, किती तास लागले हे त्यात येते. त्याच पानावर एक रुंद रकाना वाढवावा: आज काय वेगळे दिसले आणि त्यावर काय केले. दोन ओळी, पॅनमनच्या शब्दांत, खाली त्याचे नाव. लिहायचा कंटाळा असेल तर लॅबच्या केमिस्टने विचारून लिहावे, नाहीतर मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवावा. पाळी बदलताना, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॅनमनने पॅनजवळच उभे राहून त्या दोन ओळी एकदा वाचाव्यात. पाळीची पाच मिनिटे त्यासाठी पगारी धरावीत, कारण बिनपगारी दहा दिवस पाणी मारायला लावलेल्या गवंड्याचे काय होते ते आपण पाहिले आहे. हंगाम संपला की ऑफ सीझनमध्ये जाणत्या पॅनमनांनी या नोंदी चाळून खऱ्या उपयोगाच्या तेवढ्या निवडाव्यात. प्रशिक्षणाला जाणाऱ्याने त्या घेऊन जावे, म्हणजे व्याख्यात्यासमोर तो आपल्या पॅनचा प्रश्न घेऊन बसेल. आणि संवाद सहायकांची जागा इथे कोणाला द्यायची, तर सेंट्रिफ्यूगलवर उभ्या असलेल्या माणसाला. पॅनमनच्या हातून चूक झाली की त्याच्याच जाळीत ती अडकते. पण आज तो ओरडतो, आणि त्याचे ओरडणे कुठेच लिहिले जात नाही. त्याला पॅनचे काम काय असते हे शिकवले, तर तोच रोज विचारत राहील.

पाळ्यांचा तक्ता बहुधा चीफ केमिस्टच्या टेबलावर ठरतो. शिकून आलेल्या नव्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात मुरलेल्या पॅनमनच्या पाळीत घालायचे, की जिथे जागा रिकामी आहे तिथे, हा त्या तक्त्यातला एका ओळीचा निर्णय आहे आणि त्याला वेगळी मंजुरी लागत नाही. तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घ्यावा लागतो. मोळी गव्हाणीत पडली की मग उसाच्या गाड्यांची रांग आणि वाफेचा दाब यांपलीकडे कोणालाच काही सुचत नाही.